चढाईपटू आणि रोहित पक्षी

कबड्डीत चढाईला तीस सेकंद मिळतात. तेवढ्यात आत घुसायचं, कोणाला तरी हात लावायचा आणि मध्यरेषेकडे सुटायचं. माझ्या अंगाला उभ्या जन्मात एवढंच ठाऊक. निवृत्तीनंतर मुलीने हातात कॅमेरा दिला. "बाबा, घरात आईच्या कामावर पंचगिरी करण्यापेक्षा पक्षी टिपा." तेव्हापासून माझे हाल सुरू आहेत.

कारण पक्षी टिपायला बसून राहावं लागतं. हिवाळ्यात भिगवणजवळ कुंभारगावला, उजनी धरणाच्या फुगवट्यात रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, येतात. पहाटे नावेत बसायचं, हातात १५०-६०० मिमीची दोन किलोची लेन्स. कधीकाळी पकडीत निखळलेला खांदा लगेच कुरकुरायला लागतो. समोर गुलाबी मंडळी चोच उलटी करून चिखल गाळत निवांत उभी. मला त्यांच्यात सरळ संघ दिसतो. तो डावा कोपरा, ते दोघे साखळी धरून. माझा पाय आपसूक बोनस रेषेकडे सरकतो आणि नाव डुगडुगते.

"काका, हलू नका," नावाडी दबक्या आवाजात म्हणतो. "आन् त्वांडातल्या त्वांडात काय म्हनताय? पाखरं बिचकत्यात."

शटर दाबताना श्वास रोखावा, असं जाणकार सांगतात. आमचा दम कबड्डी-कबड्डी म्हटल्याशिवाय लागतच नाही, त्याला मी काय करू?

थवा उडाला, की शटर १/२००० सेकंदावर ठेवून धडाधड फोटो घेतो. त्यात बहुतेक पायच येतात. बायको म्हणाली, "जन्मभर लोकांनी तुमचे घोटे धरले, आता तुम्ही पाखरांचे धरा."

मी तिला रँडी जॉन्सनचं उदाहरण दिलं. अमेरिकेतला बेसबॉलचा हा सहा फूट दहा इंची गोलंदाज निवृत्त होऊन फोटोग्राफर झाला. २००१ साली त्याच्या चेंडूसमोर एक पक्षी आला आणि नुसती पिसं उडाली. पठ्ठ्याने फोटोग्राफीच्या बोधचिन्हात चक्क मेलेला पक्षी घेतलाय! "माझ्या हातून एकही पक्षी गेला नाही," मी म्हटलं.

"सापडलाय कुठे एखादा?"

मध्यंतरी आमच्या जुन्या मंडळाने सामन्याचे फोटो काढायला बोलावलं. म्हटलं, हे पक्षी तरी उडणार नाहीत. सामन्याचे फोटो फारसे नाहीत. पंचांचे मात्र भरपूर आहेत, अगदी जवळून, सगळ्यांत तोंड उघडं, बोट मैदानाबाहेर जाण्याच्या दिशेने. फोकस एकदम कडक आलाय.