अल्बम घरी केला की चौथाईत होतो म्हणे!

महिन्याभरात एकच फॉरवर्ड मला तीन ग्रुपांवर आला: सोसायटीच्या, शाळेतल्या मैत्रिणींच्या आणि माहेरच्या. मजकूर थोडक्यात असा. फोटोबुक छापून घेणं म्हणजे शुद्ध लूट. कंपन्या एका पानाचे चाळीस-पन्नास रुपये लावतात, तेच पान घरी दोन रुपयांत होतं. शिवाय छापील पुस्तकात फोटो फुटतात, दहा वर्षांत रंग उडतात. हाताने केलेला अल्बम शंभर वर्षं टिकतो. आणि मेहनत तर आपलीच, तिचे कुठे पैसे पडतात? तेव्हा अल्बम घरी करा, चौथाई खर्चात.

मी अल्बम घरीच करते, हौसेने करते. म्हणूनच गप्प बसवेना. मावशीच्या पंचाहत्तरीला केलेल्या अल्बमची सगळी बिलं माझ्याकडे आहेत. (आमच्याकडे बिल फेकणं हे ताटात अन्न टाकण्याइतकं पाप.)

आधी ते दोन रुपयांचं पान. अप्पा बळवंत चौकातून आणलेलं 22 बाय 28 इंची काळं जाड कार्डशीट मला 40 रुपयांना पडलं. त्यातून 11 बाय 14 ची चार पानं काहीही वाया न जाता निघतात. दोन्ही बाजू धरल्या तर एका बाजूला 5 रुपये. म्हणजे नुसत्या कोऱ्या पानालाच दोन नाही, पाच. त्यावर तीन फोटो लावायचे, तर स्टुडिओतून पोस्टकार्ड साइजची प्रिंट 12 रुपयांप्रमाणे 36 रुपये. फोटो पानावर अडकवायला चिकट कागदी कोपरे लागतात: फोटोला चार, म्हणजे पानाला बारा. शंभर कोपऱ्यांचं पाकीट 90 रुपयांना, म्हणजे आणखी 10 रुपये 80 पैसे. झाले 51 रुपये 80 पैसे! फॉरवर्ड लिहिणाऱ्याने कोऱ्या वहीची किंमत छापील पुस्तकाच्या किमतीशी ताडून पाहिली आहे.

पूर्ण हिशेब सांगते. 120 फोटो, 40 पानं. प्रिंटचे 1440. कार्डशीट लागली पाच, घेतली सात, कारण पहिल्या दोनांवर मी कटर तिरका चालवला: 280. कोपऱ्यांची पाच पाकिटं 450, मधले बटरपेपर 100, सोनेरी पेन 80. बाइंडिंगवाल्या काकांनी कापडी पुठ्ठ्याचे 450 घेतले आणि वर सुनावलं, की पानांच्या मुळाशी पट्ट्या घालून आणायला हव्या होत्या. त्यांचं बरोबर होतं. फोटो चिकटवले की पानं फुगतात, पण शिवण तेवढीच राहते, आणि अल्बम जांभई दिल्यासारखा आ वासून बसतो. पट्ट्या मग उरलेल्या तुकड्यांतून त्यांनीच कापल्या. एकूण 2800. तेवढ्याच पानांचं, जाड पुठ्ठ्याचं फोटोबुक तेव्हा सवलत धरून, कुरिअरसकट 1900 ला मिळत होतं. चौथाई राहिली बाजूला, मी दीडपटीच्या आसपास पोचले होते.

फॉरवर्ड अगदीच खोटा आहे असंही नाही. प्रिंट आधीच घरात असतील, म्हणजे कपाटातल्या बिस्किटाच्या डब्यात पडून असतील, तर माझ्या हिशेबातले 1440 गळतात आणि उरतात 1360. तिथे हाताचा अल्बम सरळ स्वस्त. फोटो पंचवीस-तीसच असतील तरीही तोच परवडतो, कारण फोटोबुकात किमान पानांची अट असते आणि तेवढ्याचे पैसे द्यावेच लागतात. गाडी अडते ती मोबाइलमधल्या शे-दोनशे फोटोंवर. आणि प्रतींवर. मावशीचा अल्बम पाहून नाशिकचा मामा म्हणाला, "मलाही एक कर की गं." फोटोबुकची दुसरी प्रत म्हणजे तीच फाइल पुन्हा पाठवायची. हाताच्या अल्बमची दुसरी प्रत म्हणजे पुन्हा 480 कोपरे.

टिकण्याचं म्हणाल, तर अल्बम हाताने केला म्हणून टिकत नाही. कागद आणि गोंद कोणता, यावर ते ठरतं. आईकडे चिकट पानांचा, वरून प्लॅस्टिकचा पापुद्रा ओढायचा तसला एक अल्बम आहे. तोही घरीच, हातानेच लावलेला. त्यातला मावशीचा लग्नातला फोटो काढायला मला अख्खी दुपार लागली: शिवणाचा दोरा ताणून धरायचा आणि फोटोखालून करवतीसारखा हळूहळू सरकवायचा. तरी एक कोपरा पानालाच राहिला. साधा काळा कागद आम्लयुक्त असतो, पांढऱ्या गोंदाने फोटो वळतो, आणि पुण्याचा पावसाळा बुरशीची सोय करतोच. खरंच टिकाऊ पान हवं असेल तर सुती चिंध्यांच्या लगद्याचा हातकागद घ्यावा. शिवाजीनगरची हातकागद संस्था 1940 पासूनची आहे, पुणेकरांना लांब जायला नको. पण तो कागद कार्डशीटच्या भावात मिळत नाही, म्हणजे खर्च पुन्हा वरच.

फोटो फुटतात हे मात्र पुस्तकाच्या माथी मारू नका. व्हॉट्सअॅपवरून नेहमीच्या पद्धतीने आलेला फोटो लांबीला साधारण 1600 पिक्सेल उरतो. सहा इंची प्रिंटला तेवढे चालून जातात. बारा इंची पानभर ताणला की नाकाचे चौकोन दिसणारच. फोटोबुकचा खरा दोष निराळा, आणि तो या फॉरवर्डात नाहीच: मराठी मजकूर. एकदा मी छापून घेतलेल्या पुस्तकात "वैद्य" हे आडनाव सुटं सुटं, पाय मोडून आलं होतं. तेव्हापासून ओळी आधी चित्र म्हणून तयार करते आणि मग पानावर ठेवते.

मेहनतीचे पैसे पडत नाहीत, हे खरंय. एका फोटोला तीन मिनिटं धरली तरी 120 फोटोंचे सहा तास होतात, ते मी आनंदाने दिले. पण ते माझ्या आनंदाच्या खात्यात. तिथून उचलून बचतीच्या खात्यात कसे टाकणार?

मामाची प्रत शेवटी अशी केली: मावशीच्या अल्बमचं एकेक पान खिडकीच्या उजेडात ठेवून फोटो काढले आणि त्यांचंच फोटोबुक छापून नाशिकला पाठवलं. मामाने पहिलंच पान उघडलं आणि छापलेल्या कोपऱ्याला नख लावून पाहिलं.