ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याच्याच ठाण्यात चौकशी!

काल दुपारी फोन आला. "तुमचा अर्ज आलाय आमच्याकडं, जबाब द्यायला या." कुठं? तर त्याच पोलीस ठाण्यात, जिथल्या हवालदारानं माझ्या भाच्याला मारलं!

अर्ज मी पोलीस आयुक्तालयात दिला होता. आवक-जावकला शिक्का मारून पोच घेतली होती. चार महिने तो अर्ज वरून खाली, खालून आणखी खाली फिरला आणि 'योग्य त्या कार्यवाहीसाठी' असा शेरा घेऊन त्याच ठाण्यात येऊन पडला. मी गेलो तेव्हा जबाब घ्यायला एक उपनिरीक्षक होते आणि शेजारच्याच टेबलावर तो हवालदार चहा पीत बसला होता. माझ्या अर्जाची झेरॉक्स त्याच्यापुढं, त्याच्या नावाखाली निळ्या पेनानं रेघ मारलेली. माझं डोकंच फिरलं.

पोराचा गुन्हा काय? ११ फेब्रुवारीच्या रात्री नाकाबंदीत गाडीची कागदपत्रं मोबाइलवर दाखवत होता. "मला मोबाइल शिकवतो का?" म्हणत त्याच्या कानाखाली वाजवली. मग ठाण्यात नेऊन पहाटे चारपर्यंत बाकड्यावर बसवलं. घरी एक फोन करू दिला नाही. डाव्या कानाचा पडदा फाटलाय, सिव्हिलचा कागद आहे माझ्याकडं. आणि ठाण्याच्या डायरीत नोंद? शून्य. म्हणे, अटक केलीच नव्हती, 'चौकशीसाठी' आणलं होतं. अटक झाली की नातेवाइकांना कळवायलाच हवं, हे सुप्रीम कोर्टानं डी. के. बसू खटल्यात १९९६ साली सांगितलंय. म्हणून अटकच दाखवायची नाही!

सीसीटीव्ही मागितला. २०२० साली सुप्रीम कोर्टानं प्रत्येक ठाण्यात कॅमेरे लावा आणि फुटेज अठरा महिने, निदान वर्षभर तरी जपा, असं बजावलंय. इथं चार महिन्यांत माहिती अधिकाराला उत्तर आलं, 'तांत्रिक बिघाडामुळे फुटेज उपलब्ध नाही'. नेमका त्याच रात्री बिघाड?

उपनिरीक्षक मला समजावत होते, "दादा, मिटवून घ्या. पोराचं वय लहान आहे. उद्या पासपोर्ट काढायचा म्हटला तरी व्हेरिफिकेशनला इथंच यावं लागतं." ही धमकी नाही तर काय आहे? आवाज गोड होता म्हणून ती धमकी नाही का?

पोलिसांविरुद्धच्या तक्रारी ऐकायला वेगळं प्राधिकरण नेमा, असा आदेश प्रकाश सिंह खटल्यात २००६ साली झाला. महाराष्ट्रानं त्यासाठी कायद्यात दुरुस्ती केली २०१४ साली. आठ वर्षं! आणि आजही किती लोकांना माहीत आहे की असं प्राधिकरण आहे? आयुक्तालयातल्या त्या खिडकीवर मला कुणी चकार शब्दानं सांगितलं नाही. कुठल्या ठाण्याच्या भिंतीवर त्याचा पत्ता मी पाहिलेला नाही. मला कळलं ते वकिलाकडून.

त्याच वकिलानं दुसरी गोष्ट सांगितली, ती ऐकून मी रात्रभर जागा होतो. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम १६१. कर्तव्याच्या नावाखाली किंवा अधिकाराबाहेर जाऊन पोलिसानं केलेल्या कृत्याबद्दल नुकसानभरपाईचा दावा लावायचा तर सहा महिन्यांच्या आत, आणि त्याआधी महिनाभराची नोटीस द्यायची. भाडेकरूशी भांडायला लोकांना वर्षानुवर्षं मिळतात, पोरानं मार खाल्ला तर सहा महिने! त्यातले चार महिने माझा अर्ज एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाण्यात गेले. 'चौकशी चालू आहे, थोडं थांबा' असं मला दर खेपेला सांगितलं. मीही थांबलो, कारण माझा विश्वास होता. याची मला सगळ्यात जास्त चीड येतेय.

आणि समजा दावा जिंकलो, तरी भरपाई द्यायची कुणी? १९९३ साली नीलाबती बेहेरा प्रकरणात कोठडीत मेलेल्या मुलाच्या आईला दीड लाख मिळाले, तेही सरकारी तिजोरीतून. म्हणजे तुमच्या-माझ्या करातून. मारणाऱ्याच्या पगारातून का नाही कापायचे?

जबाब दिला नाही मी. तिथंच लेखी लिहून दिलं की या ठाण्याकडून चौकशी मला मान्य नाही, आणि त्यावर पोच मागितली. अर्धा तास उभं केलं, पण घेतली. सहा महिने ११ ऑगस्टला भरतात. उद्या सकाळी दहा वाजता वकिलाकडं नोटीस टाइप होतेय.