दिवस कुठून मोजायचा?

डंजन्स अँड ड्रॅगन्स हा फाशांवरचा गोष्टींचा खेळ आमच्या टेबलावर मी चालवतो. त्यासाठी तीन रात्री जागून मी एक फीट, म्हणजे पात्राला मिळणारी खास सवलत, लिहिली होती. दोन ओळींची. ती काल पाच मिनिटांत मेली आणि मारणाऱ्या ताई आमच्या खेळात नव्हत्याच. धाकट्या भावाला न्यायला आल्या होत्या.

भाऊ म्हणजे आमचा विझार्ड, खेळातला जादूगार. या खेळात विझार्डला काय कमी असतं हो? पाचव्या लेव्हलला फायरबॉल मिळतो. ८ फासे, सरासरी २८ डॅमेज, २० फुटांच्या त्रिज्येत सापडेल त्या प्रत्येकाला. त्याच लेव्हलला फायटर बिचारा एका फेरीत दुसऱ्यांदा तलवार फिरवायला शिकतो. तरी रडगाणं विझार्डचंच: कॉन्सन्ट्रेशन, म्हणजे स्पेल चालू ठेवायला लागणारं लक्ष, एका वेळी एकाच स्पेलवर का? फायटर कधी कुरकुरला नाही, म्हणून त्याच्यासाठी मी कधी काही लिहिलंही नाही.

तर मी लिहिलं: "दिवसातून एकदा विझार्ड दुसऱ्या स्पेलवरही कॉन्सन्ट्रेशन ठेवू शकेल. मार बसल्यास दोन्हींसाठी वेगळा सेव्ह." सेव्ह म्हणजे लक्ष टिकतं की तुटतं हे ठरवणारा फासा. ही फीट घ्यायची तर इंटेलिजन्सचे २ गुण सोडायचे. ते गुण घेतले असते तर शत्रूला स्पेल चुकवणं जेमतेम ५ टक्के अवघड झालं असतं. तराजू थोडा झुकत होता, पण वेगळा सेव्ह ठेवून मी तो सरळ केला होता. निदान मला तसं वाटत होतं.

ताई टॅक्सचं काम करतात. खांद्यावरची पर्सही न उतरवता त्यांनी कागद उचलला.

"दिवस कुठून मोजायचा? मध्यरात्रीपासून?"

"नाही, ताई. आठ तासांची लाँग रेस्ट झाली की नवा दिवस."

"मग तसं लिही ना. हे वाचून मी बाराला एक मिनिट कमी असताना एकदा वापरीन आणि बारा वाजता परत."

सगळं टेबल हसलं. फायटर सर्वांत मोठ्यानं.

"बरं, दोन स्पेल चालू आहेत. एक संपला. त्या जागी तिसरा घेतला तर?"

"नाही घेता येणार."

"कुठे लिहिलंय?"

कुठेच लिहिलेलं नव्हतं.

"ताई, हा जादूचा खेळ आहे."

"सवलत ती सवलतच रे. सुरू कधी होते ते लिहिलंस, संपते कधी ते नाही."

विझार्डचे डोळे लकाकले. "म्हणजे फायटरवर हेस्ट, राजावर होल्ड पर्सन, आणि एक संपला की लगेच पुढचा!" हेस्टनं माणूस दुप्पट वेगानं हलतो; होल्ड पर्सनमध्ये तो जागीच थिजतो आणि जवळून बसलेला प्रत्येक घाव क्रिटिकल, म्हणजे दुप्पट फाशांचा. ज्या जुलमी राजाचा आवाज मी दोन आठवडे आंघोळ करताना घोटत होतो, तो भाषण सुरू करायच्या आत मेला असता. घसा माझा बसला होता, त्याचं कोणाला काय!

ताईंनी पेन मागितलं. माझ्या दोन ओळींची तीन पोटकलमं झाली, खाली एक परंतुक. चूक एकही नव्हती, हेच जास्त झोंबलं. जाताना त्यांनी विचारलं, "या सगळ्याचे तुला काय मिळतात?" मी म्हटलं, काही नाही. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं रिटर्न न भरणाऱ्याकडे पाहत असतील.

आता सगळे तिला 'ताईंची फीट' म्हणतात. आज सकाळी फायटरचा मेसेज आला. वर्षभरात पहिल्यांदाच त्यानं काही मागितलं.

"ताईंना सांगून माझ्यासाठीही एखादी लिहून घेशील का?"