डिसॅबिलिटी मंजूर झाली, आता कानात यंत्र घाला

आमच्या भागात चार माजी सैनिक एकत्र बसले की गाडी डिसॅबिलिटीवरच येते, म्हणजे सेवेत शरीराचं जे नुकसान झालं त्याच्या पेन्शनवर. कुणाची मंजूर झाली, कुणाची अडकली, एरिअर्स किती आले. मंजुरी मिळेपर्यंतचा रस्ता सगळ्यांना तोंडपाठ आहे. मंजुरीनंतर माणूस कसा जगतो, हे मात्र कुणी विचारत नाही आणि कुणी सांगतही नाही. म्हणून हे लिहितोय. जरा मोठं होईल, पण वाचा.

मी तोपखान्यातला. बोफोर्सवर होतो, कारगिलच्या वेळी द्रासला. त्या लढाईत आपल्या तोपखान्याने अडीच लाखांहून जास्त गोळे, बॉम्ब आणि रॉकेट डागले. त्यातला प्रत्येक गोळा कुणाच्या ना कुणाच्या कानाशेजारून सुटला आहे. कानात बोळे होते, पण पुढचा हुकूम ऐकू यायला हवा म्हणून ते अर्धे बाहेरच असायचे. त्या दिवसांत रात्री आडवं झाल्यावर कानात एक बारीक शिट्टी सुरू झाली. ती अजून चालू आहे, आत्ता हे लिहितानाही.

सेवा संपताना रिलीज मेडिकल बोर्ड झालं. कानाची एक साधी तपासणी असते. आपण डॉक्टरांकडे पाठ करून उभं राहायचं, एक कान बंद, आणि ६१० सेंटीमीटर अंतरावरून ते कुजबुजतात तो शब्द परत म्हणायचा. मी सावधान उभा होतो, साहेब आता बोलतील म्हणून वाट बघत. बराच वेळ काहीच नाही. वळून पाहिलं तर साहेबांचं बोलून झालं होतं, ते खाली मान घालून लिहीत होते.

वीस टक्के डिसॅबिलिटी लिहिली, आणि पुढे शेरा: सेवेमुळे नाही, सेवेमुळे वाढलेलीही नाही. म्हणजे पेन्शनच्या हिशेबात शून्य. पुढचं सगळं सांगत बसत नाही. आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनलमध्ये, म्हणजे फौजींच्या केसेस चालवणाऱ्या न्यायाधिकरणात गेलो. सुप्रीम कोर्टाचा २०१३ चा धरमवीर सिंग निकाल माझ्यासारख्यांसाठी मोठा आधार आहे: भरतीच्या वेळी जवान धडधाकट होता आणि कागदावर कुठल्या आजाराची नोंद नव्हती, तर नंतर आलेला दोष सेवेतूनच आला असं धरायचं, नाही म्हणायचं असेल तर ते सरकारने सिद्ध करायचं. २०१४ च्या राम अवतार निकालाने टक्के वरच्या टप्प्याला नेऊन धरण्याचा फायदा मुदत पूर्ण करून घरी आलेल्यांनाही मिळाला. वीसचे पन्नास झाले.

गावात लोकांना वाटतं लॉटरी लागली, म्हणून हिशेब मांडतो. शंभर टक्के डिसॅबिलिटीला शेवटच्या पगाराच्या तीस टक्के मिळतात. शेवटचा पगार चाळीस हजार धरला तर शंभर टक्क्यांना बारा हजार, पन्नास टक्क्यांना सहा हजार, वर महागाई भत्ता. घरखर्चाला त्याचा आधार होतो, मी नाकारत नाही. पण एरिअर्स एकरकमी येतात आणि त्याची बातमी बँकेतून बाहेर कशी पडते देव जाणे. आठवड्याच्या आत प्लॉटवाला, भिशीवाला, विमा एजंट सगळे दारात. तेव्हा सहा महिने पैशाला हात लावू नका, एफडी करून ठेवा आणि आधी बायकोशी बोला.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. मंजुरीपर्यंतची सगळी वर्षं आपण एकच काम केलेलं असतं: मी मोडलोय हे सिद्ध करायचं. बोर्डापुढे, अपिलात, वकिलापुढे, ट्रिब्युनलपुढे, परत परत तेच. ही सवय ऑर्डर हातात आली म्हणून सुटत नाही. बरं वाटू देणं हाच गुन्हा वाटायला लागतो. आमच्याच रेजिमेंटचा एक जण, माझ्याहून जास्त बहिरा, त्याला कानाचं यंत्र मिळालेलं आहे. ते कपाटात, डबीत. का घालत नाहीस विचारलं तर म्हणाला, "उद्या कुणी म्हणालं याला ऐकू येतंय, तर?" त्याची नात आता बोलायला लागली आहे आणि हा गडी पेन्शन जाईल या भीतीने तिचे बोल ऐकत नाही. मला त्या रात्री झोप लागली नाही.

त्याच्यासाठी आणि त्याच्यासारख्या सगळ्यांसाठी स्पष्ट लिहितो. संरक्षण मंत्रालयाचा ७ फेब्रुवारी २००१ चा आदेश आहे. कायमस्वरूपी डिसॅबिलिटीचे टक्के एकदा ठरले की ते आयुष्यभरासाठी. तुम्ही स्वतः मागणी केल्याशिवाय फेरतपासणी नाही. यंत्र घातलं म्हणून टक्के कमी होत नाहीत. गुडघ्याचं ऑपरेशन करून घेतलं, फिजिओथेरपी केली, बँकेत सिक्युरिटीची नोकरी धरली, शेतात ट्रॅक्टर चालवला, तरी डिसॅबिलिटी एलिमेंट, म्हणजे पेन्शनमधला डिसॅबिलिटीचा हिस्सा, बंद होत नाही. जे गेलं त्याची ती भरपाई आहे. घरात कण्हत बसण्याची अट त्यात कुठेही लिहिलेली नाही.

अट घालतात ती माणसं. लग्नात वरातीत चार पावलं नाचलो तर मागून कुजबुज, "याला कसली डिसॅबिलिटी? चांगला ठणठणीत आहे की." ज्याचा पाय गेला त्याला निदान कुणी पुरावा मागत नाही. कान, पाठ, मन, हाय अल्टिट्यूडवर बिघडलेलं रक्ताभिसरण हे बाहेरून दिसत नाही, म्हणून संशय आमच्या वाट्याला. २०२३ साली कॅगचा, म्हणजे सरकारी खर्च तपासणाऱ्या संस्थेचा, अहवाल आला. डिसॅबिलिटी घेऊन निवृत्त होणाऱ्या अधिकाऱ्यांचं प्रमाण जवानांपेक्षा बरंच जास्त आहे आणि त्यात रक्तदाब, मधुमेहासारखे आजार मोठ्या संख्येने आहेत, हे त्यात आलं. त्याच वर्षी २१ सप्टेंबरपासून डिसॅबिलिटी पेन्शनचे नवे नियमही लागू झाले. कुणी गैरफायदा घेतला असेल तर चौकशी करा, खुशाल करा. पण त्याचा राग गनवर कान देऊन आलेल्या हवालदारावर काढू नका.

मुरलीकांत पेटकरांचं उदाहरण तर आम्हाला उठताबसता दिलं जातं. सांगली जिल्ह्यातला माणूस, १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंग झाला, १९७२ ला हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पन्नास मीटर पोहण्यात सुवर्णपदक घेऊन आला. मला त्यांच्याबद्दल पराकोटीचा आदर आहे. पण त्यांचं नाव घेऊन जवानाला टोचणाऱ्यांना एवढंच सांगायचंय की पदक मिळालं म्हणून त्यांच्या शरीराचं नुकसान भरून निघालं नव्हतं. माणूस अपंगही असतो आणि जिंकतोही. आम्ही हसलो, कामाला लागलो तर ते खोटं ठरवू नका, एवढंच मागणं आहे.

पुण्याच्या खडकीत क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट आहे, १९१७ पासून जायबंदी जवानांना नवं काम शिकवते. शंभर वर्षांपूर्वीच कुणाला तरी कळलं होतं की जखमी शिपायाला पैशाबरोबर कामही लागतं. आज आपल्या बहुतेक जिल्ह्यांत मंजुरीचं पत्र मिळालं की विषय संपतो. ईसीएचएस ही माजी सैनिकांची आरोग्य योजना आहे, पॉलिक्लिनिक आहे, गोळ्या मिळतात. पण "आता पुढे काय करणार?" हे विचारणारा माणूस कुठल्याच टेबलावर बसलेला नाही. तो असायला हवा, आणि तो फौजीच असायला हवा.

आणि घरची माणसं. माझी बायको इतकी वर्षं माझ्याशी ओरडून बोलली. शेजारच्या आळीत समज होता की आमच्यात रोज भांडण होतं. यंत्र घातल्यावर पहिल्याच आठवड्यात ती म्हणाली, "अहो, माझा घसा दुखायचा थांबला." तिच्या घशाचे टक्के कुठल्याच बोर्डाने काढले नव्हते.

सातारा, सांगली, कोल्हापूर भागातल्या कुणाची केस अडकली असेल तर मेसेज करा. डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शनचा आदेश) आणि मेडिकल बोर्डाच्या प्रोसिडिंगची कॉपी जवळ ठेवा. कॉपी नसेल तर ती कशी मागायची ते सांगतो. ज्यांची मंजूर झाली आहे आणि यंत्र, पट्टा, कुबडी कपाटात पडून आहे, त्यांनीही मेसेज करा. २००१ च्या त्या आदेशाची प्रत मी पाठवतो. घरात सगळ्यांना वाचून दाखवा आणि वापरायला काढा.