पाचशे किलोमीटरनं आवाज जात नाही, इंजिन जातं

पुण्यात गाडी घरीच उघडणाऱ्या मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर अधूनमधून फिरत असतो. सारांश असा: हेडचं (इंजिनाच्या वरच्या भागाचं) किंवा टायमिंग चेनचं (व्हॉल्व्हची वेळ जुळवणाऱ्या साखळीचं) काम घरी केल्यावर इंजिनातून नवा आवाज आला तर घाबरू नका, नवे पार्ट ‘बसायला’ पाचशे किलोमीटर लागतात. ऑइलचा दिवा पेटत नाही ना, मग इंजिन सुरक्षित. टिकटिक म्हणजे टॅपेट (व्हॉल्व्ह दाबणारा भाग), आवळून टाका. तरी गेली नाही तर जाड ऑइल भरा. आणि शंका असेल तर आवाज रेकॉर्ड करून ग्रुपवर टाका. खाली हात जोडलेले आणि ‘जनहितार्थ’.

पाचशे किलोमीटरची गोष्ट कुठून आली ते कळतं. पिस्टनच्या नव्या रिंगा आणि होन केलेला (घासून खरबरीत केलेला) बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली भिंत, एकमेकांशी जुळायला खरोखर काही शे किलोमीटर लागतात. पण त्या काळात ऑइल थोडं जास्त जळतं, ठोके ऐकू येत नाहीत. बेअरिंग, चेन, फ्लायव्हीलचे बोल्ट यांतलं काहीही चालवून ‘बसत’ नाही. सैल राहिलेलं आणखी सैल होतं, एवढंच.

एक अपवाद आहे, आणि बहुधा त्याच्याच जोरावर हा सल्ला टिकून आहे. हायड्रॉलिक टॅपेट (ऑइलच्या दाबावर स्वतःच गॅप भरणारे) असलेलं इंजिन, उदाहरणार्थ रांजणगावातही बनलेलं १२४८ सीसीचं मल्टिजेट डिझेल, उघडून ठेवलं की टॅपेटमधलं ऑइल उतरतं आणि हवा शिरते. पहिल्यांदा चालू केल्यावर ते टकटक करतं. टॅपेटमध्ये ऑइल पुन्हा भरलं की आवाज थांबतो. याला मिनिटं लागतात, किलोमीटर नाही. अर्धा तास चालूनही टकटक तशीच असेल तर गाडी बंद करून झाकण पुन्हा उघडायचं.

बाकी सगळ्या आवाजांना पहिला प्रश्न एकच: पाना कुठे लागला होता? चेन बदलली असेल आणि पुढच्या बाजूने खडखड येत असेल, तर टेन्शनरची (चेन ताणून धरणाऱ्या भागाची) लॉक पिन काढली होती का? गिअरबॉक्स उतरवला असेल, तर फ्लायव्हीलचे (क्रँकच्या टोकाच्या जड चाकाचे) बोल्ट ठरलेल्या टॉर्कने आवळले होते का? ते सैल असले की इतका जड ठोका येतो की लोक क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो खालचा दांडा) गेला समजून खालचं इंजिन उघडतात. इनटेक उघडं राहिलं होतं आणि एखादा वॉशर हिशोबात कमी भरतोय? तो इंजिनात पडला असेल, मग पुन्हा सेल्फ मारूच नका.

ठोका वरचा की खालचा हे कानालाही थोडंफार कळतं. चार-स्ट्रोक इंजिनात व्हॉल्व्ह उघडणारी कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरते. आयडलिंग ८०० आरपीएमला असेल तर एका व्हॉल्व्हची टिकटिक मिनिटाला ४०० वेळा येते, आणि क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला येणारा ठोका ८०० वेळा. सेकंदाला साडेसहा आणि तेरा, हा फरक लक्ष देऊन ऐकला तर समजतो. आवाज जड असेल आणि ॲक्सिलरेटर दिल्यावर वाढत असेल, तर कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचा संशय घ्या. पेट्रोल गाडीत इंजिन बंद करून एका इंजेक्टरचा कपलर काढा, चालू करून क्षणभर ऐका, मग पुढचा. ज्या सिलिंडरला ठोका मवाळ होतो, तिथे दुखणं. (कॉमन रेल डिझेलवर पाइप सैल करून पाहण्याचा जुना खेळ करू नका. आयडलिंगलाही आत शेकडो बार दाब असतो, डिझेल कातडीतून आत घुसतं.) अशी गाडी नवले पुलापर्यंतही न्यायची नाही, टो करायची. बेअरिंगचा पातळ थर गेला की क्रँकला चरे पडतात आणि खर्चाचा आकडाच बदलतो.

ऑइलच्या दिव्याबद्दल फार बोलायला नको. साध्या प्रेशर स्विचचा दिवा दाब अर्ध्या बारच्या आसपास, म्हणजे जवळजवळ संपल्यावर पेटतो. गरम इंजिनाला वेग वाढल्यावर याच्या कितीतरी पट दाब लागतो. दिवा पेटला तर नक्की वाईट. न पेटणं हा कसला दाखलाच नाही. स्विच काढून तिथे मेकॅनिकल गेज लावा, मग बोला.

आता टिकटिक. सगळ्यात जास्त नुकसान याच ओळीने केलं असेल. मारुती ८०० ला टॅपेटचे स्क्रू होते. मारुतीच्याच नंतरच्या के-सिरीज इंजिनांमध्ये स्क्रू नाहीत, हायड्रॉलिकमध्ये आवळायचा प्रश्नच नाही. जिथे स्क्रू आहेत तिथेही फिलर गेज (गॅप मोजायची पातळ पट्टी) न लावता आवाज बंद होईपर्यंत आवळलं तर गॅप शून्य होतो. गरम झाल्यावर व्हॉल्व्ह सीटवर पूर्ण बसत नाही, त्याची उष्णता सीटमध्ये उतरत नाही, आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो. गाडी शांत होते, कॉम्प्रेशन जातं.

शिवाय टिकटिक टॅपेटचीच कशावरून? थंड इंजिनात येते आणि तापल्यावर जाते, तर एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या (हेडला जोडलेल्या धुराच्या नळीच्या) गॅस्केटमधून एक्झॉस्ट गळत असेल. जोडाजवळ काजळी दिसते का पाहा. प्लग नीट आवळला नसेल तरी तसाच फुसका टिकटिकाट येतो. आणि पुण्यात निम्म्या ग्रुपकडे सीएनजी किट आहे: सीएनजीचे इंजेक्टर मुळातच कटकट करतात. बॉनेट उघडं ठेवून कधी ऐकलेलं नसतं, काम केल्यावर पहिल्यांदा कान जातो. बटण दाबून पेट्रोलवर घ्या. आवाज गेला तर टॅपेटला हात लावायचं कारण उरत नाही.

जाड ऑइलने आवाज कमी होतो, हे खरं आहे. म्हणूनच सेकंडहँड गाडी विकताना काही जण ते भरतात. ०डब्ल्यू-२० या पातळ ऑइलसाठी बनवलेल्या इंजिनात २०डब्ल्यू-५० हे जाड ऑइल टाकलं तर डिसेंबरच्या सकाळी पहिल्या स्टार्टला कॅमपर्यंत ऑइल उशिरा पोचतं. बिघडलेलं बेअरिंग त्याने भरून येत नाही, फक्त ऐकू येत नाही.

राहिलं रेकॉर्डिंग. कोथरूडच्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेत इंजिनाचा आवाज मोजायला प्रतिध्वनी गिळणाऱ्या खास खोल्या आहेत. आपण सोसायटीच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये, चार भिंतींत घुमणाऱ्या आवाजासकट, बोलण्यासाठी बनवलेल्या व्हॉइस नोटमध्ये तो पकडतो. खालचा जड ठोका त्यात हमखास दबतो आणि इंजेक्टरची कटकट वर येते, म्हणून ग्रुपवर दहापैकी नऊ जण ‘टॅपेट’ म्हणतात. टाकायचंच असेल तर सोबत लिहा: कोणतं इंजिन, काय काय उघडलं होतं, आवाज इंजिन थंड असताना येतो की तापल्यावर, ॲक्सिलरेटर दिल्यावर वाढतो का, आणि गेजवर दाब किती दिसला. एवढं लिहीपर्यंत बऱ्याचदा ग्रुपला विचारायची गरज संपलेली असते.