गाणं पाठवताय, तर गाणारीचं नावही पाठवा

परवा पुन्हा एक फॉरवर्ड आलं. 'आफ्रिकेतलं दुर्मिळ लोकगीत, डोळे मिटून ऐका.' डोळे मिटून ऐकलं, दोनदा ऐकलं, अंगावर काटा आला. मग शोधायला बसले, तर कशाचाच पत्ता नाही. आफ्रिकेत पन्नासच्या वर देश आहेत, त्यातला कुठला? गातंय कोण, भाषा कोणती, रेकॉर्डिंग कधीचं? ज्यांनी पाठवलं त्यांना विचारलं. त्यांना दुसऱ्या कुणीतरी पाठवलं होतं.

मला हे इतकं लागतं, त्याला कारण आहे अफुनाक्वा.

१९९२ मध्ये 'डीप फॉरेस्ट' या फ्रेंच जोडीचं 'स्वीट लल्लबाय' जगभर गाजलं. मीही ते कित्येक वर्षं मध्य आफ्रिकेच्या जंगलातलं गाणं समजून ऐकत होते. प्रत्यक्षात तो आवाज प्रशांत महासागरातल्या सॉलोमन बेटांवरचा. मलाइता बेटावर अफुनाक्वा नावाच्या बाईनं गायलेली अंगाई ह्यूगो झेंप या संगीताच्या अभ्यासकानं १९७० च्या सुमारास रेकॉर्ड केली आणि ती युनेस्कोच्या मालिकेतल्या एका रेकॉर्डवर आली. तिथून तो आवाज उचलला गेला, त्याखाली ताल चढला आणि नाव गळून पडलं. पुढे १९९६ मध्ये नॉर्वेच्या यान गार्बारेक यांनी हीच चाल सॅक्सोफोनवर वाजवली, तेव्हा तिचं नाव झालं 'पिग्मी लल्लबाय'. कुठे सॉलोमन बेटं आणि कुठे मध्य आफ्रिकेच्या जंगलातले पिग्मी लोक!

मूळ रेकॉर्डिंग ऐकलं तेव्हा मी थबकले. साथीला काही नाही, नुसता एक आवाज. अर्थ कळल्यावर तर पुढे ऐकवेना. पोरकं झालेलं मूल धाकट्या भावाची समजूत घालतंय, की रडू नकोस, आता तुला कडेवर कोण घेणार? त्या गाण्यावर लोक नाचले. नाचणाऱ्यांचा काय दोष? त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

म्हणून मला १९०२ सालची गायिका गौहर जान फार थोर वाटते. कलकत्त्यात रेकॉर्डिंगच्या भोंग्यात तोंड घालून तीन मिनिटांत खयाल बसवायचा आणि शेवटी खणखणीत आवाजात सांगायचं, 'माय नेम इज गौहर जान.' तबकड्या तयार होणार जर्मनीतल्या हॅनोवरला. तिथल्या माणसांना गाणारी कोण हे कळावं म्हणून ही घोषणा, असं सांगतात. कारण काहीही असो, लेबल फाटलं तरी तिचं नाव कुणाला पुसता आलं नाही. बाकीच्या किती जणींना हे जमलं असेल?

दुर्मिळ रेकॉर्ड कपाटात दडवून ठेवणाऱ्यांचंही मला पटत नाही. लाखेची तबकडी हातातून निसटली की तुकडे. त्याआधी आवाज ज्यावर नोंदवत, त्या मेणाच्या सिलिंडरवर तर प्रत्येक वेळी सुई फिरते तेव्हा थोडं मेण खरवडलं जातं. ऐकणं म्हणजेच झिजवणं. आता कॅमेऱ्यानं खोबणीचे बारीक फोटो काढून, सुई न लावता, संगणकावर आवाज उभा करता येतो. तेव्हा वाटा. पण नावासकट वाटा.

आणि एक गोष्ट मला उशिरा कळली. सगळंच वाटायचं नसतं. १८९० च्या मार्चमध्ये मानववंशशास्त्रज्ञ जेसी फ्यूक्स यांनी अमेरिकेतल्या मेन राज्यात तिथल्या मूळनिवासी पासामाक्वोडी लोकांची गाणी, गोष्टी मेणाच्या सिलिंडरवर घेतल्या. समाजाचा आवाज त्यांच्याच भूमीवर जाऊन रेकॉर्ड करण्याचा हा सगळ्यात जुना प्रयत्न मानतात. सव्वाशे वर्षांनी त्या आवाजांच्या स्वच्छ केलेल्या डिजिटल प्रती समाजाकडे आल्या, आणि त्यातलं काय सगळ्यांनी ऐकावं, काय घरातच राहावं, हे आता तेच ठरवतात. आधी मला वाटायचं, संगीत सगळ्यांचं असतं. आता वाटतं, आधी ते गाणाऱ्यांचं असतं. त्यांनी दिलं तर आपलं.

नाव शोधणं कधीकधी सोपंही असतं. लेबलचा फोटो मोठा करून वाचायचा. लेबलाच्या कडेला कोरलेला मॅट्रिक्स नंबर, म्हणजे कंपनीनं त्या रेकॉर्डिंगला दिलेला क्रमांक, जुन्या कॅटलॉगमध्ये सापडला, की बरेचदा गाव आणि साल हाती लागतं. आणि कृपा करून खरखर पुसून आवाज गुळगुळीत करू नका. खरखरीबरोबर गाणाऱ्याचा श्वासही जातो.

गेल्या आठवड्यात मी माझ्याच जुन्या पोस्ट उघडल्या. नुसतं 'अप्रतिम!' लिहून मीही कितीतरी गाणी पुढे ढकलली होती. काहींची नावं सापडली, ती लिहिली. एक अजून अडलंय. बायकांचं समूहगान आहे. मध्येच पुढची बाई कडवं विसरते, हसते, मागून एक म्हातारा आवाज शब्द पुरवतो आणि सगळ्या पुन्हा सुरू होतात. भाषा मला ओळखता येत नाही. खाली जोडते आहे. कुणाला ओळखू आली तर सांगा, त्या हसणाऱ्या बाईचं नाव मला लिहायचंय.