खोबरेल, कोको बटर की खजूर? घरच्या चॉकलेटवरून कट्ट्यावर पेटलेला वाद

वादाला तोंड फोडलं पैलवानानं. अर्धी वाटी खोबरेल, अर्धी वाटी कोको पावडर, चार चमचे मध, फ्रीजरमध्ये अर्धा तास, की झालं घरचं हेल्दी चॉकलेट. ना साखर, ना मैदा, असं त्याचं म्हणणं. चॉकलेटात मैदा असतोच कुठे, असं अण्णांनी लगेच विचारलं, पण तो मुद्दा तिथंच राहिला.

सोलापुरात पार्क चौकाच्या कट्ट्यावर जमलेली मंडळी या विषयात हात घातलेली होती. अण्णांची बेकरी, मास्तर रसायनशास्त्र शिकवतात, ताई ऑर्डरीवर लाडू-चिवडा करून देतात आणि शेठचं सुकामेव्याचं दुकान. बोलणं झालं ते जवळपास तसंच खाली दिलंय, शिव्या तेवढ्या गाळल्यात.

"खोबरेल किती अंशाला वितळतंय बे?" मास्तरांनी सुरुवात केली. "24-25 ला. मे महिन्यात आपल्या घरात रात्री पंख्याखालीसुद्धा त्याहून जास्त असतंय. तुझी वडी फ्रीजरमधून काढून गच्चीवर नेईपर्यंत तिचं सार होतंय."

"फ्रीजरमधून काढायची आणि तोंडात टाकायची की!"

"टाक. पण मध कुठं गेला ते बघ. मधात पाणी असतंय, सतरा-अठरा टक्के. ते तेलात मिसळत नाही. वडी गोठेपर्यंत मध खाली बसतो. वर कडू, खाली चिकट. आणि हेल्दी कशावरून म्हणलालास? 100 ग्रॅम खोबरेलात 80 ते 90 ग्रॅम संपृक्त चरबी. कोको बटरमध्ये ती साठच्या आसपास, आणि त्यातली निम्म्याहून जास्त स्टिअरिक आम्लाची, जी कोलेस्टेरॉल फारसं वाढवत नाही. म्हणजे चॉकलेटातली बरी चरबी काढून त्याहून वाईट घातली."

अण्णांनी त्यात आणखी एक भर घातली. खोबरेलातलं चॉकलेट ओलसर राहिलं आणि पंधरा-वीस दिवस ठेवलं, की साबणासारखं लागायला लागतं. पाण्यामुळे तेल फुटून त्यातलं लॉरिक आम्ल मोकळं होतं, त्याची ती चव. काही लोक अर्धं कोको बटर, अर्धं खोबरेल घालून मधला मार्ग काढतात. तो तर आणखी फसवा, कारण या दोन चरबी एकमेकींत नीट गोठत नाहीत आणि मिश्रण दोन्हींपेक्षा मऊ राहतं.

पैलवान गप्प झाला, पण अण्णांना आता चेव आला होता. त्यांचं म्हणणं, पर्याय वगैरे काही नको, चॉकलेटच करा, फक्त साखर कमी घाला. कोको बटर 100 ग्रॅम, कोको पावडर 80, पिठीसाखर 60, दूध पावडर 30. कोको बटर गरम पाण्यावरच्या भांड्यात वितळवून 45 ते 50 अंशांपर्यंत न्यायचं, चाळलेली पावडर घोटून मिसळायची, मग ढवळत ढवळत 27 पर्यंत उतरवायचं आणि परत 31-32 ला आणून साच्यात ओतायचं. साखर पडते 22 टक्के. बाजारच्या मिल्क चॉकलेटात निम्मी साखर असते, हा त्यांचा हुकमी पत्ता.

"हिशोब बरोबर हाय अण्णा," मास्तर म्हणाले, "पण 27 ला उतरवणार कुठं? मार्च ते जून तुमच्या बेकरीत एसी नसला तर मिश्रण 27 ला यायचंच नाही. आणि आलं तरी कोको बटर 34 च्या आसपास वितळतंय. आपल्याकडं पारा 42-43 ला जातोय. कारखान्यातलं चॉकलेटसुद्धा दुकानातून घरी नेईपर्यंत पिशवीत बसकण मारतंय."

हे तापमान वर-खाली करणं सोडून दिलं तर काय होतं, हेही मास्तरांनी सांगितलं. कोको बटर सहा वेगवेगळ्या प्रकारच्या स्फटिकांत गोठू शकतं, त्यातला एकच प्रकार चकचकीत, कटकन तुटणारं चॉकलेट देतो. 27 ला आणून परत 31-32 ला नेलं की इतर स्फटिक विरघळतात आणि तो उरतो. नुसतं वितळवून फ्रीजमध्ये ठेवलं तर वडी मऊ आणि मळकट होते, चार दिवसांनी वर पांढरी बुरशीसारखी झाक येते. ती बुरशी नसते, वर आलेली चरबी असते. खायला चालते, पण देताना लाज वाटते.

अण्णांनी दुसरी अडचण स्वतःच मान्य केली, ती म्हणजे रवाळपणा. कारखान्यात साखर आणि कोको दळून कण 20 मायक्रॉनच्या आसपास आणतात (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). 30 च्या वर गेले की जिभेला कचकच लागते. घरच्या मिक्सरला एवढं बारीक जमत नाही. पिठीसाखर वस्त्रगाळ केली तरी थोडी कचकच राहतेच.

"मग साखरेऐवजी गूळ घाला की ओ," शेठ म्हणाले.

इथं तिघं एकदम बोलायला लागले. गुळात ओल असते, आणि वितळलेल्या कोको बटरमध्ये चमचाभर पाणी गेलं तरी सगळं मिश्रण घट्ट गोळा होऊन बसतं. साखर-कोकोचे कोरडे कण ते पाणी ओढून एकमेकांना चिकटतात. असं झालं तर पुन्हा तापवून उपयोग नाही, उलट गरम दूध घालून त्याचा सॉस करायचा आणि साचा विसरायचा. दुसरं म्हणजे गूळ सुद्धा साखरच. त्यात लोह, पोटॅशियम थोडं आहे, पण तेवढ्यासाठी खायचा म्हटलं तर साखर किती खावी लागेल ते बघा. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांत गूळ, मध, साखर एकाच रांगेत बसतात: दिवसाच्या ऊर्जेच्या दहा टक्क्यांच्या आत, म्हणजे 2000 कॅलरी खाणाऱ्याला 50 ग्रॅमच्या आत, आणि जमलं तर 25.

ताई इतका वेळ ऐकत होत्या. "तुमचं झालं असेल तर बोलते. साचा, स्फटिक, सगळं सोडा. आपल्याकडं शेंगा हायत, खजूर मिळतोय, कोको पावडर मिळतीय. वडी करा. वितळायचा प्रश्नच नाही, कारण तिला चरबीनं धरलेलं नसतंय, खजुरानं धरलेलं असतंय."

मला विचाराल तर वाद इथंच संपायला हवा होता. पण ताईंनी प्रमाण सांगितलं आणि प्रत्येक जिन्नसावर नवीन भांडण निघालं.

प्रमाण असं: बिया काढलेला मऊ खजूर 250 ग्रॅम, शेंगदाणे 150, कोको पावडर 40, भाजलेले तीळ 30, तूप दोन चमचे, मीठ दोन चिमूट. एकूण 480 ग्रॅमच्या आसपास, 15 ग्रॅमच्या 32 वड्या.

खजुरावर शेठ बोलले. रमजानात विजापूर वेशीत प्रकार मिळतात तितके वर्षभर मिळत नाहीत, पण या कामाला भारी खजूर लागतच नाही. डब्यातला काळा मऊ खजूर चालतो. पाकात बुडवलेला किंवा वरून चकाकणारा घेऊ नये. खारीक अजिबात नको, ती भिजवावी लागते आणि पाणी आलं की वडी टिकत नाही. खजूर थोडा कडक निघाला तर पाण्यात न टाकता चाळणीत ठेवून पाच मिनिटं वाफ द्यायची आणि फडक्यावर पसरून कोरडा करायचा.

कोको घेताना डब्यामागचं वाचायचं. पिण्याच्या चॉकलेटची किंवा माल्टची पावडर म्हणजे कोको पावडर नव्हे, तिच्यात साखरच जास्त असते. घटकांत फक्त कोको हवा. तिथं आम्लता नियामक 501 लिहिलं असेल तर तो अल्कलीनं संस्कार केलेला कोको. रंग गडद, चव गोलसर, पण कोकोतली जी फ्लॅव्हनॉल द्रव्यं आरोग्यासाठी सांगितली जातात ती त्यात बरीच कमी होतात. साधा कोको फिकट आणि किंचित आंबट असतो. खजुराच्या गोडीत ती आंबटाई खपून जाते, म्हणून इथं साधाच घ्या, असं मास्तर म्हणाले. अण्णांना गडदच हवा होता. रंग बघून माणूस हात घालतो, हा बेकरीचा अनुभव.

शेंगदाणे मंद आचेवर बारा-पंधरा मिनिटं, लोखंडी कढईत, सतत हलवत. साल सहज सुटलं आणि दाणा आतून फिकट बदामी दिसला की उतरवायचे. भाजण्याआधी निवडणं महत्त्वाचं: सुरकुतलेले, काळपट, बुरशीचा वास येणारे दाणे फेकायचे. त्यातलं अफ्लाटॉक्सिन, म्हणजे बुरशीचं विष, भाजून पुरतं जात नाही. मग पूर्ण गार करायचे. गरम दाणे मिक्सरला लावले की तेल सुटून लगदा होतो. शेंगाचटणीला डंकावर कांडून जे तेल मुद्दाम सोडवतात, तेच इथं नको असतं. मिक्सर थांबत थांबत फिरवून जाडसर कूट करायचं.

खजूर एकटा मिक्सरला लावला तर पात्याला गोळा अडकतो आणि मोटर तापते. मूठभर कूट सोबत टाकलं की तो सुटा फिरतो.

कच्चा कोको तसाच मिसळला तर पिठूळ लागतो. कढईत दोन चमचे तूप गरम करायचं, गॅस बंद करायचा, चाळलेला कोको त्यात टाकून मिनिटभर परतायचा. गॅस चालू ठेवला तर कोको क्षणात करपतो आणि मग काही उपाय नाही, टाकूनच द्यायचा. मिनिटभरात वास बदलतो, तो बदलला की खजूर, कूट, तीळ, मीठ घालून हातानं दाबून मळायचं. तूप लावलेल्या ताटात एक सेंटिमीटर जाडीनं थापायचं, वर बटर पेपर ठेवून वाटीनं दाबायचं, फ्रीजमध्ये तासभर, मग सुरी पुसत पुसत कापायचं.

तीळ कशाला, असं पैलवानानं विचारलं. नुसत्या मऊ वडीत दाताला काही लागत नाही, आणि चॉकलेटची सवय असलेला माणूस दोन वड्यांनंतर तिसरीकडं हात नेतो. तीळ-कुटामुळे चावावं लागतं. यावर त्यानं ज्वारीच्या लाह्या सुचवल्या, आणि ती सूचना खरंच चांगली होती. मात्र लाह्या सरळ मिसळल्या तर खजुरातली ओल ओढून दुसऱ्या दिवशी चामट होतात. त्या आधी कढईत कोरड्या कुरकुरीत करून, गार करून, चमचाभर पातळ शेंगदाणा लोण्यात घोळवायच्या आणि थापायच्या आधी शेवटी घालायच्या. तेलाचं आवरण ओल अडवतं, पण दोन-तीन दिवसच. जास्त ठेवायचं असेल तर तीळच बरे.

बिघाड होतात ते दोनच. मिश्रणाला तेल सुटलं, तर दोन चमचे डाळ्याचं पीठ घालून मळायचं. भुगा होऊन वडी बांधली जात नसेल, तर वाफवलेले चार-पाच खजूर आणखी घालायचे. दूध किंवा पाणी शिंपडायचा मोह आवरायचा, चौथ्या दिवशी आंबूस वास येतो.

"आता खरं सांगा ताई, ही गोड कमी हाय का?" अण्णा सोडायला तयार नव्हते. "खजुरात 65-70 टक्के साखर."

ताईंनी हिशोब टाळला नाही. 250 ग्रॅम खजुरातून 165 ग्रॅम साखर येते, म्हणजे वडीत 34 टक्के. मिल्क चॉकलेटच्या 50 टक्क्यांपेक्षा कमी, अण्णांच्या 22 टक्क्यांपेक्षा जास्त. चरबी वीस टक्क्यांच्या आसपास, चॉकलेटात ती तीस. एक वडी साधारण 60 कॅलरी आणि 5 ग्रॅम साखर. वर शेंगदाण्याचं प्रथिन आणि खजुराचा तंतू, जे मिल्क चॉकलेटात कमी. पण मधुमेह असणाऱ्याला ही वडी मोकळेपणानं देता येत नाही, गोळ्या-इन्शुलिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारूनच. खजूर 150 वर आणता येतो, साखर 26 टक्क्यांवर येते, पण मग बांधायला काहीतरी लागतं. त्यासाठी 50 ग्रॅम दाणे वेगळे काढून तेल सुटेपर्यंत फिरवायचे आणि ते लोणी घालायचं. वडी जरा तेलकट होते आणि उन्हाळ्यात हाताला लागते.

लहान मुलांना कोकोनं झोप येत नाही, ही तक्रार शेठनं काढली. मास्तरांनी हिशोब मांडला: 40 ग्रॅम कोकोत कॅफिन 90 मिलीग्रॅमच्या आसपास, 32 वड्यांत वाटलं तर वडीमागं 3. कपभर कॉफीत त्याच्या वीस पट सहज असतं. खरी काळजी वेगळी आहे. अगदी लहान मुलांच्या घशात दाण्याचा तुकडा अडकू शकतो, त्यांच्यासाठी कूट अगदी बारीक करा. डब्यात देणार असाल तर वर्गात शेंगदाण्याची ॲलर्जी असलेलं कोणी आहे का ते आधी विचारा, असल्यास दाण्यांच्या जागी भोपळ्याच्या भाजलेल्या बिया त्याच वजनात. आणि घरात कुत्रं असेल तर डबा उंच ठेवा, कोकोतलं थिओब्रोमिन त्याला बाधतं.

टिकण्याबद्दल एकमत झालं: उन्हाळ्यात बाहेर चार दिवस, फ्रीजमध्ये घट्ट झाकणाच्या डब्यात पंधरा. वड्यांच्या थरांमध्ये बटर पेपर, नाहीतर एकच ढेकूळ बाहेर येतं.

अण्णा मात्र साच्यावर ठाम राहिले. जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत, पहाटे हवा गार असताना, थर्मामीटर लावून कोको बटरचं करून दाखवतो म्हणाले. मास्तरांनी फक्त एक अट घातली, साचे पुसून पूर्ण कोरडे हवेत.

"आणि साखर 60 नाही, 50," ताई म्हणाल्या.

"50 ला कडू लागंल."

"लागू द्या की. एकच तुकडा खाल्ला जाईल."